क्रिएटर ऐकायचा तर कुठून सुरू करावे

"मामा, ह्यां काय लावलंस? सगळी गाणी एकसारखीच लागतत."

गेल्या पावसाळ्यात, कॉलेज सुरू व्हायच्या आधी चार दिवस भाचा घरी आला होता. पडवीत स्पीकरजवळ उभा राहून त्याने हे विचारले. लावले होते क्रिएटर. जर्मनीतल्या एसेन शहराचा हा थ्रॅश मेटल, म्हणजे अतिशय वेगवान आणि कडक रॉक वाजवणारा बँड. १९८२ च्या सुमारास शाळकरी पोरांनी सुरू केला, आधी दोन-तीन वेगळी नावे घेतली, आणि मग क्रिएटर या नावाने १९८५ ते २०२२ या काळात पंधरा स्टुडिओ अल्बम काढले. त्यातला दुसरा, १९८६ चा 'प्लेझर टू किल' त्या वेळी वाजत होता. नवख्या माणसाच्या कानावर तो पहिल्यांदा पडला तर तो हेच म्हणणार. भाच्याचे काही चुकले नाही, माझे चुकले. त्याच्यासमोर चुकीचा अल्बम आधी लावला.

मी कुडाळ-कणकवलीच्या पट्ट्यात साउंडचे काम करतो. डबलबारी (दोन भजनी बुवांचा सामना), दशावतार, जत्रा, गणपती. तुळशीच्या लग्नापासून मिरगापर्यंत रात्री जागायच्या आणि पाऊस लागला की स्पीकर ताडपत्रीत बांधून माळ्यावर ठेवायचे. त्या रिकाम्या महिन्यांत मी वीसेक वर्षे हा बँड ऐकत आलो आहे. ज्यांना तो नव्याने ऐकायचा आहे, त्यांच्यासाठी एक वाट आखून देतो. ती पहिल्या अल्बमपासून सुरू होत नाही, आणि गाजलेल्या दहा गाण्यांच्या यादीपासून तर मुळीच नाही. ती मधून सुरू होते, मागे जाते, आणि नव्वदच्या दशकातल्या ज्या चार अल्बमांना बहुतेक लोक वळसा घालतात, त्यांच्यातून जाऊन पुढे निघते. त्या चार अल्बमांबद्दल माझे मत ठाम आहे. ते पुढे येईलच.

आधी कानांची सोय

कोकणातल्या पावसात हे संगीत उघड्या स्पीकरवर ऐकू नका. कौलांवर पडणाऱ्या पावसाचा एक सलग 'स्स्स' आवाज असतो, आणि ड्रमवरच्या झांजा व गिटारची धार नेमक्या त्याच वरच्या पट्टीत असतात. पत्र्याचे छप्पर असेल तर विचारूच नका. पावसात झांजा बुडतात, खालचा धपधपाट तेवढा उरतो, आणि मग सगळी गाणी खरोखरच एकसारखी वाटतात. कान पूर्ण झाकणारा, वायरवाला, साधा हेडफोन घ्या. महाग नको. फक्त बेस फुगवून वाजवणारा नको. फोनमधले बेस वाढवणारे सेटिंगही बंद करा, कारण थ्रॅशमधली बेस गिटार मुळातच गिटारच्या सावलीत असते आणि वाढवलेला बेस ड्रमच्या लाथा चिखलात घालतो.

आवाज किती ठेवायचा? जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तासांची मर्यादा सांगितली आहे. ९० डेसिबलवर गेलात तर तीच मर्यादा ४ तासांवर येते. रात्रभर स्पीकरच्या भिंतीजवळ उभा राहिल्यावर पहाटे कानात जी शीळ वाजते ती मला ठाऊक आहे, म्हणून हे कळकळीने सांगतो. थ्रॅश मोठ्याने ऐकावेसे वाटते. पण नीट रेकॉर्ड केलेला थ्रॅश हळू आवाजातही वेगवानच वाटतो. उलट, हळू आवाजात ऐकल्यावर कोणता अल्बम नीट मिक्स झालाय ते लगेच कळते.

अल्बम डाउनलोड करून ठेवा. पावसात वीज गेली की टॉवरही काही वेळाने जातो, आणि रेल्वेत बसलात तर बोगदे आहेतच. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. गाडी ऐंशीच्या वेगाने गेली तर जवळपास पाच मिनिटे, म्हणजे क्रिएटरचे एक पूर्ण गाणे. तिथे नेटवर्कची वाट बघत बसू नये.

आणखी एक घोळ नवख्यांना नेहमी होतो. जुने अल्बम २०१७-१८ मध्ये नव्याने मास्टर करून पुन्हा निघाले. त्यामुळे ॲपमध्ये १९८६ च्या अल्बमसमोर कधीकधी २०१७ हे साल दिसते, आणि शेवटी डेमो किंवा लाइव्ह गाणी जोडलेली असतात. साल मूळचे धरा. जोडलेली गाणी पहिल्या फेरीत सोडा.

दोन हात ओळखा

थ्रॅशमध्ये ऐकायच्या गोष्टी पुष्कळ, पण सुरुवातीला दोनच पकडा.

पहिली, ड्रमचा ठेका. पखवाजाच्या डाव्या पुडीवर कणीक लावलेली असते, तिचा जो 'धुम्' येतो त्याच्या जागी इथे पायाने वाजवायचा किक ड्रम. उजव्या थापेच्या जागी स्नेअर. थ्रॅशचा मूळ ठेका म्हणजे हे दोन आळीपाळीने, न थांबता, धावत्या माणसाच्या पावलांसारखे: धप-टक, धप-टक. एक पूर्ण गाणे फक्त स्नेअरच्या मागे जा. गिटार, गाणे, सगळे सोडून द्या. ठेका कुठे अर्धा होतो आणि कुठे पुन्हा दुप्पट होतो, एवढेच बोटाने मांडीवर वाजवत मोजा. डबलबारीत गजर चढतो तेव्हा तुमचे पाय आपोआप जसे ओळखतात की आता लय वाढली, तसेच इथे दोन-तीन ऐकण्यांत व्हायला लागते. आपल्याकडच्या माणसाला हे अवघड नाही. शिमग्याचा ढोल, जाखडीतल्या चाळांचा एकत्र पडणारा ठोका, गजर: वेग आणि नेमकेपणा एका वेळी ऐकायची सवय आपल्या कानांना लहानपणापासून आहे.

दुसरी गोष्ट, गिटारवाल्याचा उजवा हात. तळहाताची कड तारांवर ब्रिजपाशी, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात तिथे टेकवून तो तारा छेडतो, म्हणून सूर लांबत नाही, तुटक 'जुग-जुग' येतो. कड उचलली की सूर एकदम उघडतो. थ्रॅशमधला सगळा ताण या झाकण्या-उघडण्यात आहे. परत परत येणाऱ्या गिटारच्या तुकड्याला रिफ म्हणतात. एका गाण्यात असे सहा-सात रिफ असतात आणि चांगल्या गाण्यात एक रिफ संपताना दुसऱ्याची चाहूल देऊन जातो.

गायकाच्या आवाजाची भीती बाळगू नका. क्रिएटरचा गायक-गिटारवादक मिले पेट्रोझा किंचाळतो, पण शब्द तोडून तोडून, ठेक्यावर बसवून किंचाळतो. गीताचे शब्द समोर ठेवून एक गाणे ऐकले की पुढच्या गाण्यापासून शब्द आपोआप कळायला लागतात. दशावतारात राक्षस प्रवेश करताना जो आवाज लावतो, तो काही दुखणे आल्यामुळे ओरडत नसतो, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. तसेच हे.

पहिला अल्बम: 'व्हायोलंट रेव्होल्यूशन', २००१

हा दहावा अल्बम. इथून सुरू करा.

कारण साधे आहे. निर्माता अँडी स्नीप याने इथे प्रत्येक वाद्याला स्वतःची जागा दिली आहे. किक वेगळी, स्नेअर वेगळी, दोन गिटारी डाव्या-उजव्या कानात वेगळ्या. वर सांगितलेले दोन हात ओळखायला याच्याइतका सोपा अल्बम बँडकडे नाही. शिवाय याच वेळी फिनलंडचा सामी यूली-सिर्निओ हा गिटारवादक आला. तो येईपर्यंत क्रिएटरची सुरावट रिफच्या पोटात दडलेली असायची. सामीने ती वर आणली. ओठांवर राहील अशी चाल आता गिटारच गाते.

पहिले गाणे 'रीकॉन्करिंग द थ्रोन', म्हणजे सिंहासन परत जिंकणे. नावच सांगते की काहीतरी हरवले होते. काय हरवले होते ते आपण नंतर ऐकू. दुसरा तुकडा 'द पेट्रिआर्क' हा छोटा, बिनगाण्याचा. तो संपता संपता शीर्षकगीत सुरू होते, तेव्हा हे दोन कधीही वेगळे ऐकू नका. आणि 'रेप्लिकाज ऑफ लाइफ' या लांब गाण्याला एक अख्खी संध्याकाळ द्या. संथ, स्वच्छ गिटारीने सुरू होऊन ते हळूहळू वेग घेते. खाडीत भरती चढताना बघितली असेल तर त्याची गती ओळखीची वाटेल.

हा अल्बम चार-पाच वेळा ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नका. एक आठवडा लागला तरी लागू दे.

मग मागे: १९९० आणि १९८९

आता 'कोमा ऑफ सोल्स' (१९९०). अनेक जण याला बँडच्या पहिल्या पर्वाचे शिखर मानतात, मीही मानतो. निर्माता रँडी बर्न्स, रेकॉर्डिंग लॉस एंजेलिसला. एसेनच्या पोरांना एव्हाना अमेरिकेत जाऊन काम करता येऊ लागले होते, आणि सोडोम या शेजारच्या बँडमधून फ्रँक ब्लॅकफायर नावाचा गिटारवादक त्यांच्याकडे आला होता. 'व्हेन द सन बर्न्स रेड' या पहिल्या गाण्याची सुरुवात शांत आहे, आणि विषय आहे निसर्गाचा माणसाने चालवलेला नाश. मासे कमी झाल्याच्या गोष्टी रोज कानावर पडणाऱ्या किनाऱ्यावर बसून ते ऐकताना ते पस्तीस वर्षांपूर्वीचे वाटत नाही.

याच अल्बममधले 'पीपल ऑफ द लाय' हे नवनाझींच्या विरोधातले गाणे. हे मुद्दाम सांगतो, कारण अल्बमांची नावे आणि मुखपृष्ठे बघून घरची मंडळी घाबरतात. कवट्या, रक्त, राक्षस. पहिल्या दोन अल्बमांत ती निव्वळ भयकथा होती, हे खरे. पण पुढे बँडचा राग द्वेषाच्या, युद्धाच्या, खोट्या धर्मकारणाच्या विरोधात वळला. मार्च १९९० मध्ये, बर्लिनची भिंत पडून चारच महिने झाले असताना, ते पूर्व बर्लिनच्या वेर्नर-झेलेनबिंडर सभागृहात वाजवायला गेले. सोबत टँकार्ड, कॉरोनर आणि सॅबॅट हे बँड होते. त्या रात्रीचे चित्रीकरण उपलब्ध आहे. आयुष्यात पहिल्यांदा हे बँड समोर बघणाऱ्या गर्दीकडे बघण्यासाठी तरी ते बघा.

त्यानंतर 'एक्स्ट्रीम ॲग्रेशन' (१९८९). हाही रँडी बर्न्सचाच. 'बिट्रेयर' या गाण्याच्या व्हिडिओतले काही भाग अथेन्सच्या ॲक्रोपोलिसवर चित्रित झाले, आणि एमटीव्हीच्या मेटलच्या कार्यक्रमात ते गाणे फिरल्यामुळे बँडचे नाव अमेरिकेत पोचले. आवाज कोरडा आहे, झांजा कडक. मला त्यात हवा थोडी कमी वाटते, पण रिफ एकाहून एक.

खाली, तळाला: १९८५ ते १९८७

आता कान तयार झाले. आता 'प्लेझर टू किल'.

आधी थोडे एसेनबद्दल. हा भाग रूर खोऱ्याचा, कोळशाच्या खाणींचा आणि पोलादाचा. बँडची पोरे आल्टनएसन या कामगारवस्तीतली. मिलेचे वडील मूळचे इटलीचे. कामाच्या शोधात माणसे तिथे दूरदूरहून आली, जशी आपल्याकडची माणसे मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. त्याच वस्तीच्या जवळ त्सोल्फरआइन नावाची प्रचंड कोळसाखाण होती. तिच्यातले उत्पादन डिसेंबर १९८६ मध्ये थांबले. 'प्लेझर टू किल' त्याच वर्षीचा. पुढे २००१ मध्ये ती बंद खाण जागतिक वारसा यादीत गेली, आणि त्याच वर्षी 'व्हायोलंट रेव्होल्यूशन' आला. दोन्ही वेळा हा योगायोगच. पण मुंबईचा गिरणी संप १९८२ चा, बँडची सुरुवातही त्याच सुमाराची, आणि संपानंतर गावी परतलेल्या चाकरमान्यांच्या घरांत वाढलेल्या आमच्या पिढीला त्या आवाजातला बाप-कामगार-भोंगा काही वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आल्टनएसनच्या या पोरांवर १९८९ मध्ये 'थ्रॅश, आल्टनएसन' नावाचा माहितीपटही निघाला. संगीतापेक्षा त्यातली वस्ती, घरे आणि पालक बघण्यासारखे आहेत.

'प्लेझर टू किल' पश्चिम बर्लिनच्या म्युझिकलॅब स्टुडिओत हॅरिस जॉन्सने रेकॉर्ड केला. सुरुवातीला 'कॉयर ऑफ द डॅम्ड' हा मंद, गूढ तुकडा, आणि तो संपतो न संपतो तोच 'रिपिंग कॉर्प्स' अंगावर कोसळते. इथे ठेका अधूनमधून पळतो, गिटार त्याला गाठायला धावते, आणि तरी गाडी रुळावरून उतरत नाही. साउंडवाला म्हणून मी सांगेन की यात तांत्रिक उणिवा ढीगभर आहेत. ऐकणारा म्हणून सांगेन की त्या एकाही उणिवेला हात लावू नये. पुढे ज्याला डेथ मेटल म्हणू लागले, त्या संगीताच्या अनेक वादकांनी हा अल्बम घोटला. 'रायट ऑफ व्हायोलन्स' हे गाणे ड्रमर व्हेंटर गातो. त्याचे खरे नाव युर्गन राइल. ड्रम वाजवता वाजवता गाणाऱ्याचा श्वास कुठे तुटतो ते ऐका. मुखपृष्ठावर दुसरा गिटारवादक म्हणून मिखाएल वुल्फचे नाव आहे, पण अल्बममध्ये तो वाजवत नाही. सगळ्या गिटारी मिलेच्या. हे कळल्यावर पुन्हा ऐका, त्या एकाच उजव्या हाताची दाद द्यावीशी वाटेल.

'एंडलेस पेन' (१९८५) याच्या आधीचा. तिघे जण: मिले, व्हेंटर आणि बेसवर रॉब फिओरेटी. गाणी मिले आणि व्हेंटर आलटून पालटून गातात. अल्बम बाजारात आला तेव्हा मिले १७ वर्षांचा होता. हा अल्बम पहिला ऐकला असता तर तुम्हाला कच्चा वाटला असता. आता त्यात पुढचे सगळे बीज दिसेल, म्हणून तो इतक्या उशिरा ठेवला.

'टेरिबल सर्टन्टी' (१९८७) हॅनोव्हरला झाला. नवा गिटारवादक आल्यामुळे बांधणी घट्ट झाली. 'टॉक्सिक ट्रेस' जरूर ऐका.

नव्वदचे दशक: इथे वाट सोडू नका

१९९१ नंतर थ्रॅशची जमीन सरकली. मेटॅलिकाने त्या वर्षीच्या अल्बममध्ये वेग कमी केला आणि तो प्रचंड खपला. निर्वाणा या बँडने तरुणांचे कान दुसरीकडे वळवले. पँटेराने जड, झुलता ठेका लोकप्रिय केला. वेगावर जगणाऱ्या बँडांपुढे प्रश्न उभा राहिला की आता काय करायचे. काही फुटले, काही थांबले. क्रिएटरने चार अल्बम काढले, आणि चारही एकमेकांपासून वेगळे.

'रिन्यूअल' (१९९२) फ्लोरिडातल्या टँपा शहरात, मॉरिसाउंड स्टुडिओत झाला. डेथ, ऑबिच्युअरी, मॉर्बिड एंजल यांसारख्या बँडांनी जिथे रेकॉर्डिंग केले तीच ही जागा. ज्या संगीताला क्रिएटरने वाट दाखवली होती त्याच्या माहेरी जाऊन त्यांनी डेथ मेटल केले नाही. यंत्रांच्या घरघरीसारखा, थंड, संथ अल्बम केला. मिलेचा आवाजही बदललेला, कोरडा. ऐकणारे रागावले. मलाही पहिल्यांदा आवडला नव्हता. आता दर पावसाळ्यात एकदा तरी लावतो. सलग चार दिवस सूर्य दिसला नसेल तेव्हा तो बरोबर बसतो.

'कॉज फॉर कॉन्फ्लिक्ट' (१९९५) मध्ये व्हेंटर नाही. बँडच्या साऱ्या अल्बमांत तो नसलेला हा एकच. ड्रमवर अमेरिकेतल्या व्हिपलॅश बँडचा जो कॅन्जेलोसी आहे. वेग परत आलाय, पण ठेक्याचे वजन वेगळ्या ठिकाणी पडते. दोन पखवाजवाद्यांची एकच बोल वाजवतानाही थाप वेगळी ओळखू येते ना, तसेच.

'आउटकास्ट' (१९९७) मध्ये व्हेंटर परतला आणि गिटारवर कॉरोनरचा टॉमी फेटरली आला. अल्बम मध्यम लयीचा, जड. 'फोबिया' हे त्यातले गाणे बँड अजून मैफलीत वाजवतो. मग 'एंडोरामा' (१९९९). इथे मिले चक्क गातो, किंचाळत नाही. काळोखी, सुरेल, गॉथिक वळणाची गाणी, आणि शीर्षकगीतात लाक्रिमोझा या बँडचा टिलो वोल्फ पाहुणा.

हे चार अल्बम सोडा असे सल्ले देणारे पुष्कळ भेटतील. त्यांचे ऐकू नका. डबलबारीतले एखादे जुने बुवा दोन-चार वर्षे चाली बदलून बघतात, नाट्यपदाच्या वळणाने गातात, ऐकणारे कुरकुरतात, आणि मग ते बुवा पुन्हा आपल्या ठेक्यावर येतात तेव्हा गळ्यात काहीतरी जास्तीचे घेऊन येतात. क्रिएटरचे तेच झाले. 'एंडोरामा'त मिले चाल गायला शिकला नसता तर २००१ मध्ये सामीच्या सुरावटी त्याला झेपल्या नसत्या. 'रिन्यूअल'मधला संथ ताण नसता तर 'रेप्लिकाज ऑफ लाइफ'ची ती सुरुवात झाली नसती. म्हणून चारही ऐकून झाल्यावर एक काम करा: 'एंडोरामा' संपताच लगेच, मध्ये चहासुद्धा न घेता, 'व्हायोलंट रेव्होल्यूशन' पुन्हा लावा. 'सिंहासन परत जिंकणे' म्हणजे काय ते त्या पहिल्या अर्ध्या मिनिटात कळेल. पहिल्या आठवड्यात तोच अल्बम तुम्हाला फक्त चांगला वाटला होता.

पुढची वीस वर्षे

'एनिमी ऑफ गॉड' (२००५) हा त्याच निर्मात्याचा, त्याच वाटेचा, जास्त धारदार. मागचा आवडला तर हा आवडणारच, वेगळे सांगत नाही.

'होर्ड्स ऑफ केऑस' (२००९) वर मात्र मी थांबतो. निर्माता मोझेस श्नायडर. आजकाल रॉकचे अल्बम असे होतात: आधी ड्रम रेकॉर्ड करायचे, मग बेस, मग एकेक गिटार, आणि चुका संगणकावर सरळ करायच्या. इथे चौघांनी एकत्र उभे राहून वाजवले आणि बहुतांश तेच ठेवले. गाणे, सोलो अशा मोजक्या गोष्टी नंतर घातल्या. मी डबलबारी रेकॉर्ड करतो तेव्हा पखवाजाचा माइक पेटीही पकडतो, पेटीच्या माइकमध्ये टाळ शिरतात, आणि नंतर कोणताही एक आवाज एकट्याने वर आणता येत नाही. एकाचा फेडर (आवाज कमीजास्त करायची कळ) हलवला की दुसरा हलतो. पण त्या शिरकावामुळेच माणसे एका मांडवात बसली आहेत असे वाटते. 'होर्ड्स ऑफ केऑस'मध्ये तो मांडव ऐकू येतो. लय सूतभर पुढेमागे होते आणि चौघेही एकदमच होतात. 'एनिमी ऑफ गॉड'मधले एक गाणे आणि यातले एक, लागोपाठ ऐका आणि फक्त स्नेअर ऐका. रेकॉर्डिंगच्या दोन पद्धतींमधला फरक शिकायला यापेक्षा सोपा धडा मला माहीत नाही.

'फँटम अँटीक्राइस्ट' (२०१२) स्वीडनच्या येन्स बोग्रेनने केला. आवाज मोठा, भव्य, सुरावटींनी भरलेला. त्याच्याच हातचा 'गॉड्स ऑफ व्हायोलन्स' (२०१७) जर्मनीच्या अल्बम यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. बँडला हे पहिल्यांदा मिळाले, पहिल्या अल्बमनंतर ३२ वर्षांनी. शीर्षकगीताची सुरुवात हार्पच्या तारांनी होते.

'हेट यूबर आलेस' (२०२२) बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत आर्थर रिझकबरोबर. या नावाची गोम अशी की जर्मन राष्ट्रगीताच्या जुन्या पहिल्या कडव्यात 'डॉइचलांड यूबर आलेस' अशी ओळ होती. आज अधिकृतपणे फक्त तिसरे कडवे गातात. त्या ओळीत देशाच्या जागी 'द्वेष' घालून बँडने आजच्या काळाकडे बोट दाखवले. बेसवर आता फ्रेडरिक लेक्लेर्क, पूर्वी ड्रॅगनफोर्समध्ये वाजवणारा. 'मिडनाइट सन' मध्ये सोफिया पोर्टानेट ही गायिका आहे, आणि तिचा आवाज येतो तिथे गाण्यात एकदम खिडकी उघडते.

किती दिवस लागतील

आठवड्याला दोन अल्बम धरा, पहिला आठवडा फक्त २००१ च्या अल्बमला. आषाढ लागताना सुरुवात केली तर गणपतीच्या आसपास पंधरा पुरे होतात. एक अल्बम एका बैठकीत, गाणी उलटसुलट न करता. वहीत दोन ओळी लिहा: ठेका कुठे बदलला आणि कोणता रिफ डोक्यात राहिला. तारे देऊ नका, गुण देऊ नका. नंतर वाचताना कोणते गाणे केव्हा उलगडले ते त्या दोन ओळींवरून आठवते, गुणांवरून आठवत नाही. मुंबईला जायचे असेल तर दिवसाच्या गाडीत तीन अल्बम सहज बसतात, पण तिसऱ्यानंतर कानांना विश्रांती द्या. खिडकीबाहेर भातशेती असते, ती बघा.

हे झाल्यावर सोडोम, डिस्ट्रक्शन, टँकार्ड या जर्मन शेजाऱ्यांकडे जा. घाई नाही.

भाच्याला मी ही वाट लिहून दिली आणि तो रत्नागिरीला कॉलेजला परत गेला. महिनाभर काही बोलला नाही. मी विचारलेही नाही. श्रावणातल्या एका रात्री, मी गणपतीसाठी केबल तपासत बसलो असताना, त्याचा संदेश आला. १९९५ चा अल्बम लावला होता त्याने, अर्ध्यावर होता.

"मामा, ड्रम वाजवणारो बदललो काय?"

"व्हय," मी लिहिले. "आता १९९७ चो लाव."